सोळा जणींचा एक प्रश्न आणि आमच्या इंदुताई

इंदुताईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एसटीच्या टपावर उभ्या असलेल्या माणसाशी भांडत होत्या. बहात्तरच्या दुष्काळाचं ते वर्ष. आमचं गाव देवळाली प्रवऱ्याकडचं, पाटाच्या काठावरचं. पण त्या वर्षी पाटाला पाणी कधी येईल याचा भरवसा राहिला नव्हता. मी कळशी घेऊन फाट्यावरून घरी चालले होते. टपावरचा माणूस दोरी न बांधताच एक शिलाई मशीन खाली सोडायला निघाला होता आणि ओरडत होता, "झेला खालून, बाई!"

खाली पंचविशीच्या, शेलाट्या, पांढऱ्या सुती पातळातल्या एक बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तो चेंडू नाही झेलायला. दोरी बांधा. तोवर गाडी हलणार नाही." आणि त्या खरोखरच गाडीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला, उतारूंनी गलका केला, पण त्या हलल्या नाहीत. शेवटी कुठून तरी दोरी निघाली. मशीन खाली आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कळशी ठेव आणि एका बाजूनं धर. नाव काय तुझं?"

"मंदा."

"मंदा, उद्यापासून शिवणवर्गाला यायचं."

मी सतरा वर्षांची होते. सातवीनंतर शाळा सुटलेली. पाण्याला जायचं, खुरपायला जायचं, एवढंच मला लोक सांगत. शिकायला यायचं, असं मला सांगणाऱ्या त्या पहिल्या.

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळानं मला ताईंच्या शैक्षणिक कार्यावर लिहायला सांगितलं आहे. ताईंनी पुढच्या आयुष्यात कुठं कुठं वर्ग चालवले, किती जणींच्या हाताला काम दिलं, हे इतर मान्यवर माझ्यापेक्षा नीट लिहितील. मला लिहायचं आहे त्यांच्या पहिल्या वर्गाबद्दल. तो वर्ग वर्षभरही चालला नाही. त्याचं प्रमाणपत्र आम्हा कोणालाच मिळालं नाही. तरी ताईंच्या अमृतमहोत्सवात मला आठवतं ते तेच वर्ष. त्यात माझी स्वतःचीही एक गोष्ट आहे. ती मी आजवर ताईंखेरीज फारशी कोणाला सांगितलेली नाही.

ताईंची सरकारी शिवणशिक्षिका म्हणून आमच्या गावी नेमणूक झाली होती. वर्ग मराठी शाळेच्या पडवीत दुपारी भरायचा. आम्ही अठरा जणी आणि मशीनं दोन: एक ताईंनी स्वतःचं आणलेलं आणि एक ग्रामपंचायतीचं, ते निम्मा वेळ दोरा तोडायचं. मशीनच्या तेलाचा वास, नव्या मांजरपाटाचा वास आणि सगळ्यांच्या फडक्यातल्या भाकरी-ठेच्याचा वास असा मिळून त्या पडवीचा एक वास होता. कापड महाग म्हणून बेतायला आम्ही वर्तमानपत्राची रद्दी घ्यायचो. ताईंचा नियम असा की कात्री लावण्याआधी त्या पानावरचं काही तरी मोठ्यानं वाचायचं. आमच्यात सगळ्यांत थोरल्या गंगूबाई. चाळिशीच्या, तीन मुलींची आई. त्यांना अक्षरं लावायला वेळ लागायचा. त्यांची एक बातमी संपेपर्यंत आमची पोलकी बेतून व्हायची. एकदा कोणी तरी म्हणालं, "ताई, गंगूबाईंना सूट द्या की." ताई म्हणाल्या, "सूट दिली तर त्या आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडानं बातमी ऐकतील. वाचा हो गंगूबाई, आम्ही थांबतो." आणि त्या थांबल्या, रोज थांबल्या.

शिवण वाकडी गेली की ताई उसवायला लावत. रागावत मात्र नसत, असं मी म्हणणार नाही. भरपूर रागावत. पण तो राग शिवणीवर असायचा, आमच्यावर कधी आला नाही.

वर्गात सगळ्यांत चांगला हात शेवंताचा. हे तिचं खरं नाव नाही. शेवंता बौद्ध वस्तीतली, माझ्याच वयाची. पहिल्या दिवशी ती पडवीच्या कडेला, आमच्यापासून हातभर लांब बसली. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं, तसं सांगावंही लागत नसे. ताईंनी तिच्या दोन टिपा पाहिल्या आणि म्हणाल्या, "ज्याचा हात सरळ त्यानं मशीनवर बसायचं. ऊठ शेवंता, इथं बस. मंदा, तू हिच्याकडून शीक." एक-दोघींच्या आयांनी दुसऱ्या दिवशी येऊन कुरकुर केली. ताईंनी त्यांना चहा दिला आणि शेवंतानं शिवलेलं झबलं हातात ठेवलं. झबलं पाहून एक जण म्हणाली, "व्हय, हात हाय पोरीचा." विषय तिथंच मिटला असं नाही, पण शेवंताची जागा बदलली नाही.

त्याच शेवंतावर एका संध्याकाळी, वर्गातून घरी जाताना, पाटाच्या कडेच्या वाटेवर अत्याचार झाला. दोघे जण होते. त्यातला एक आमच्या भागातल्या एका बड्या पुढाऱ्याच्या अगदी आतल्या माणसाचा मुलगा. त्या पुढाऱ्यांचं नाव इथं लिहिण्याचं कारण नाही. आम्ही सगळे त्यांना 'साहेब' म्हणत असू. माझे वडील साखर कारखान्यावर रखवालदार होते, ते साहेबांच्या चिठ्ठीवर लागलेले.

ताईंना कळलं तशा त्या शेवंताच्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या आईला, भागाबाईंना, घेऊन ठाण्यावर गेल्या. तक्रार लिहून घेतली गेली. पण आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले, ती दोघं पोरं उजळ माथ्यानं हिंडत होती. गावात आधी 'आपली' आणि 'त्यांची' अशी कुजबुज झाली. मग गंगूबाई एका सकाळी चावडीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "वाट तर सगळ्यांचीच एक हाय ना? माझ्या तीन पोरी त्याच वाटनं जात्यात." त्या बाजाराच्या दिवशी एकाही बाईनं पाटी मांडली नाही. माणसंही जमली. दुष्काळानं आधीच लोक पिचलेले होते. त्या संतापात काय काय होतं, कोण सांगणार? पण तो संताप खरा होता. साहेबांनी येऊन एकदा ऐकून घ्यावं, एवढीच लोकांची मागणी होती. साहेबांना निरोप गेले. साहेब आले नाहीत.

तेव्हा ताई म्हणाल्या, "ते येत नसतील तर आपण जाऊ."

आम्ही वीस-बावीस बायका पहिल्या एसटीनं नगरला गेलो. साहेबांचा बंगला सावेडीला. आज तिथं इमारतींची दाटी आहे, तेव्हा शेतं होती आणि मधेमधे एखादा नवा बंगला. व्हरांड्यात एका गृहस्थानं सांगितलं, "साहेब बैठकीत आहेत, बसा." आम्ही बसलो. ऊन व्हरांड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं, तरी बसलो. दुपारी साहेबांच्या पत्नी स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, "एवढ्या लांबून का आलात?" भागाबाईंनी सांगितलं. काही न वगळता सांगितलं. त्या बाई खांबाला धरून ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरले, हे मी पाहिलं. "मी सांगते त्यांना," म्हणून त्या आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळानं बंगल्याच्या मागून जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"मागल्या दारानं गेला," भागाबाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसल्या होत्या. मी शेजारी. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मला वाटलं होतं गं, निदान ऐकून घेतील." ताई तेव्हा पंचवीस वर्षांच्याच होत्या, हे आता माझ्या लक्षात येतं. तेव्हा आम्हाला त्या खूप मोठ्या वाटायच्या. त्यांना खचलेलं मी पाहिलं ते त्या एका प्रवासात.

चार दिवसांनी साहेबांचा एक कार्यकर्ता वर्गात आला. म्हणाला, "साहेबांचा निरोप हाय. गावाची लई बदनामी झाली. पोरगी लांबच्या गावाला देऊन टाका, स्थळ साहेब बघतील."

ताई हातातली कात्री खाली न ठेवता म्हणाल्या, "साहेबांना सांगा, आम्ही स्थळ मागायला आलो नव्हतो."

त्यानंतर महिनाभरात बातमी आली की साहेब आमच्या गावी येणार आहेत. एका सरकारी योजनेतून शिवणवर्गातल्या प्रत्येकीला नवं शिलाई मशीन मिळणार होतं आणि ते साहेबांच्या हस्ते वाटायचं होतं. यादी आधीच गेली होती. अठरा नावं. आज घरात चार यंत्रं असणाऱ्यांना हे समजणार नाही, पण त्या वर्षी नवं मशीन म्हणजे आमच्यासाठी दुसरा जन्म होता. रानात काम नव्हतं. खडी फोडायला जाणाऱ्या आमच्यातल्या निम्म्या जणींच्या हातांना घट्टे पडले होते.

वर्गात बराच वाद झाला. कोणी म्हणालं, कार्यक्रमालाच जायचं नाही. कोणी म्हणालं, काळं निशाण दाखवू. ताई म्हणाल्या, "साहेब ऐकायला येत नाहीत, बोलायला येतात. मग ते समोर उभे असतील तेव्हाच विचारायचं. एकेकीनं. हात जोडून. प्रश्न एकच. उत्तर मिळेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही." मग म्हणाल्या, "पण आधी शेवंताला विचारू. ती नको म्हणाली, तर गुपचूप मशीन घेऊन खाली यायचं आणि हा विषय त्या मांडवात काढायचा नाही."

शेवंता वर्गात येत नव्हती. ताई रोज तिच्या घरी जाऊन तिला शिकवत होत्या. कधी शिवण, कधी नुसतंच बसणं. आम्ही तिघी-चौघी ताईंबरोबर गेलो. ताईंनी सगळं समजावून सांगितलं. शेवंता म्हणाली, "उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, "इचारा. पन माझं नाव घेऊन इचारा. 'त्या पोरीचं काय झालं' असं म्हनू नका. मला नाव हाय."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वडिलांनी मला जवळ बसवलं. "मंदे, उद्या काय ठरलंय त्ये माझ्या कानावर आलंय. तू हात जोडायचे, मशीन घ्यायचं आन् गप खाली यायचं. आपली भाकरी त्या मानसाच्या शब्दावर हाय." वडील वाईट नव्हते. घाबरलेले होते.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. झेंडूच्या माळा, भोंगा, पुढे खुर्च्या. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली होती. मंचावर ओळीनं अठरा मशीनं मांडली होती, काळी, चकचकीत. साहेब आले, हार झाले. कारकुनानं यादी वाचायला घेतली.

पहिलं नाव गंगूबाईंचं. त्या वर गेल्या, पदर सारखा केला, हात जोडले आणि म्हणाल्या, "साहेब, शेवंताचं काय झालं?"

साहेब वाकले. त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"शेवंताचं काय झालं, साहेब?"

"चौकशी चालू आहे."

गंगूबाईंनी पुन्हा नमस्कार केला आणि रिकाम्या हातांनी खाली आल्या.

दुसरी गेली. "साहेब, शेवंताचं काय झालं?" साहेब म्हणाले, "आत्ताच सांगितलं ना." तिसरीला म्हणाले, "तो विषय वेगळा, हा कार्यक्रम वेगळा." चौथीला काहीच म्हणाले नाहीत. पाचवी गेली तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं. सातवीपर्यंत कारकुनाचा आवाज बसला होता. मांडवात शेकडो माणसं होती आणि कोणी खोकतही नव्हतं. वरचं कापड वाऱ्यानं फडफडायचं तेवढंच ऐकू यायचं. ताई एका कडेला उभ्या होत्या. त्या कोणाला खूण करत नव्हत्या की डोळ्यांनी सांगत नव्हत्या. नुसत्या उभ्या होत्या.

बारावं नाव माझं होतं.

मी पायऱ्या चढले. प्रश्न विसरले नव्हते, तोंडात आला होता. वर गेल्यावर समोर, माणसांच्या मागे, बांबूला टेकून वडील उभे असलेले दिसले, खाकी कपड्यांत. त्यांनी हात जोडले होते. ते साहेबांना जोडले होते की मला, हे मला आजही सांगता येत नाही. माझा आवाज फुटेना. साहेबांना काय ते कळलं. "घे बाळ, घे," असं ते इतक्या मायेनं म्हणाले की मी हात पुढे केला. पहिल्या रांगेतल्या कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकी मांडवात कोणी वाजवल्या नाहीत. दोघा माणसांनी मशीन उचलून माझ्या मागून खाली आणलं. माझ्यानंतर पाच जणी गेल्या आणि पाचही जणींनी विचारलं.

अठरावं नाव कारकुनानं न पाहता वाचलं. ते शेवंताचं होतं.

कोणीच उठलं नाही. मग बायकांच्या घोळक्यातून भागाबाई उभ्या राहिल्या. मंचावर गेल्या नाहीत, तिथूनच बोलल्या. "ती घरी हाय, साहेब. तिला बाहेर पडायची चोरी झालीया. ज्यांनी केलं ते मोकळे हायेत. मशीन नगं आमाला. तुमी तोंडानं येक शबुद बोला."

साहेब उठले. माईकसमोर आले. 'कायदा आपलं काम करील,' एवढं म्हणाले आणि मंच उतरून जीपकडे चालू लागले. त्यांचं भाषण व्हायचं होतं ते झालं नाही. चार-पाच तरण्या पोरांनी दगड उचलले आणि ती जीपच्या मागे धावली. ताई पळत जाऊन त्यांच्या आडव्या आल्या. "खाली टाका! उद्या पेपरात दगड छापून येईल, शेवंता येणार नाही." पोरं थांबली. एकानं तर रडतच दगड टाकला.

सतरा मशीनं पुन्हा ट्रकमध्ये चढवली गेली. ट्रक फाट्याकडे वळेपर्यंत गंगूबाई पाहत होत्या. म्हणाल्या, "लई चांगली हुती गं मशीनं." आणि हसल्या, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. सोळा जणींनी काय सोडलं होतं, ते मला त्या हसण्यातून समजलं.

पंधरवड्याच्या आत ताईंच्या बदलीचा हुकूम आला. जामखेडच्या बाजूला, अगदी कोरड्या मुलखात. वर्ग बंद झाला. त्या सामान बांधत होत्या तेव्हा मी त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. कार्यक्रमानंतर मी त्यांना तोंड दाखवलं नव्हतं.

"आत ये. या वळकटीवर गुडघा दे, दोरी आवळायचीय."

मी गुडघा दिला आणि रडायला लागले. "ताई, मी विचारलं नाही."

"तुझे वडील मागे उभे होते, मी पाहिलं. सतराव्या वर्षी मी असते तर मीही घेतलं असतं."

"तुम्ही नसतं घेतलं."

"मग तुला माझं सतरावं वर्ष माहीत नाही," त्या म्हणाल्या. त्या वर्षाबद्दल त्यांनी पुढंही कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "मशीन कुठंय?"

"घरी. पोत्यानं झाकून ठेवलंय."

"झाकून ठेवलंस तर ते साहेबांचंच राहील. शेवंताच्या घरी ने. दोघी मिळून चालवा. बाकीच्यांनाही बोलव."

मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. मला वाटलं, ते मारतील. ते बराच वेळ मशीनकडे पाहत बसले. मग त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली, मशीन स्वतः उचललं आणि भरदुपारी, अंगावर खाकी कपडे तसेच ठेवून, सगळ्या गावादेखत ते वस्तीत घेऊन गेले. त्यांची नोकरी गेली नाही. पण जाईल असं धरूनच ते चालत होते, हे मला माहीत आहे.

शेवंतानं मशीनवरून हात फिरवला आणि मला सरळ विचारलं, "तू का न्हाई इचारलंस?"

"भ्याले."

"मला वाटलंच. बस, दोरा ओव."

त्या एका मशीनवर पुढे दोन वर्षं आम्ही सगळ्या शिवत होतो, पाळीपाळीनं. गंगूबाई सर्वांत जास्त.

मांडवातल्या प्रकाराची बातमी नगरच्या एका लहानशा वर्तमानपत्रात आली. ती वाचून असो किंवा आणखी कशानं, नव्यानं आलेल्या एका अधिकाऱ्यानं कागद पुन्हा उघडले आणि त्या दोघांना अटक झाली. खटला नगरला चालला. तारखेवर तारीख पडायची. प्रत्येक तारखेला ताई जामखेडकडून पहिली गाडी धरून यायच्या आणि शेवंताच्या शेजारी बसायच्या. समोरच्या वकिलांनी शेवंताला जे विचारलं ते मी इथं लिहिणार नाही. एकदा ती मधेच थांबली, तिनं मागे वळून ताईंकडे पाहिलं, आणि मग उत्तर दिलं. त्या दोघांतल्या एकाला शिक्षा झाली. साहेबांच्या माणसाचा मुलगा पुराव्याअभावी सुटला. पुढच्या निवडणुकीत साहेब आमच्या गावात मतं मागायला आले नाहीत. निवडून मात्र आले. शेवंताबद्दल ते जन्मात एक शब्द बोलले नाहीत.

हे सगळं लिहिण्याआधी मी शेवंताला विचारायला गेले. नगरात तिचं शिवणकामाचं दुकान आहे, आता सून पाहते. मी तिला सांगितलं की खरं नाव छापता येत नाही, कायदा आहे. ती हसली. म्हणाली, "तवा नाव घ्या म्हनून भांडले, आता झाकायचं व्हय? बरं, शेवंता लिही. ल्हानपनी मला हेच नाव पायजे हुतं."

ताईंच्या जिव्हाळ्याचे प्रसंग सांगायचे तर पानं पुरणार नाहीत. एकच सांगते. माझ्या मुलीला सुप्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा माझ्या सासरचे लोक नको म्हणत होते. एवढ्या लांब, शिफ्टची नोकरी, मुलीची जात. ताई तेव्हा निवृत्त होऊन सावेडीत राहायला आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या माझ्या मुलीबरोबर एसटीनं सुप्याला गेल्या. फाटकावर साहेबलोकांना गाठून त्यांनी विचारलं की बायकांसाठी संडास कुठं आहे, संध्याकाळी गाडी कुठं सोडते, तक्रार करायची तर कोणाकडे करायची. मुलगी लाजेनं अर्धी झाली. संध्याकाळी ताईंनी मला निरोप दिला, "जागा बरी आहे. दोन गोष्टी दुरुस्त करायला सांगितल्यात." महिनाभरानं पुन्हा जाऊन त्या दुरुस्त झाल्या का, हेही पाहून आल्या.

आजही कुठं काही घडलं की ताईंचा फोन येतो. मागे जिल्ह्यात एक वाईट प्रकार घडला, बायका कचेरीसमोर जमल्या, तेव्हा गुडघ्याला पट्टा बांधून ताई रिक्षानं तिथं हजर होत्या. पुढारी आले, तेही तिसऱ्या दिवशी, फोटोपुरते. एक तरुण मुलगी चिडून ताईंना म्हणाली, "पन्नास वर्षांत काहीच बदललं नाही." ताई म्हणाल्या, "पुढारी बदलले नाहीत. आम्ही वीस-बावीस जणी होतो, मोज आज किती आहेत." आणि त्या मुलीला त्यांनी खरोखर मोजायला लावलं.

या सत्कारासाठी समितीतल्या काहींनी एखाद्या मंत्र्यांना बोलवावं असं सुचवलं होतं. ताई म्हणाल्या, "त्यांना कशाला त्रास? आपल्यात मोठी माणसं कमी आहेत का?" त्यामुळे समारंभाच्या अध्यक्षस्थानी शेवंता आहे. गंगूबाई आज हयात नाहीत. त्यांच्या तिन्ही मुली येणार आहेत आणि मानपत्राचं वाचन त्यातली धाकटी करणार आहे. ती शिक्षिका आहे.

ताई, पंचाहत्तर वर्षं तुम्ही स्वतःला सवलत दिली नाहीत, आता थोडी द्या. गुडघ्यांना जपा, औषध वेळेवर घ्या, रात्रीचं वाचन कमी करा, हे सांगण्याचा अधिकार वयानं मला आता मिळाला आहे असं मी धरून चालते. तुमची दृष्टी शाबूत राहो, आवाज असाच खणखणीत राहो आणि शंभरीच्या दिवशीही आमची वाकडी टीप तुमच्या नजरेतून न सुटो. तुमच्याकडून शिकलेल्या आम्ही सगळ्या आता म्हाताऱ्या झालो आहोत, पण आम्हाला अजून खूप वर्षं तुमच्याकडून रागावून घ्यायचं आहे.